शनिवारी येत नाही, त्याविषयी

ती. बाबा आणि ती. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई एकदम गप्प झाली आणि बाबा "बरं बरं, तुझ्या सोयीनं ये" म्हणाले, तेव्हापासून मला चैन नाही. बाबांचं "बरं बरं" म्हणजे काय ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. फोनवर एवढं सगळं मावत नाही, म्हणून लिहायला बसले.

ठरवलंय ते असं. यापुढे शनिवारी संध्याकाळी न येता रविवारी साडेदहापर्यंत पणजीहून डिचोलीला पोचेन. रात्री तुमच्याकडेच राहीन आणि सोमवारी सकाळच्या बसनं थेट ऑफिसला जाईन. मुक्काम तेवढाच आहे, वार बदललाय. रविवारचं माशाचं हुमण चुकणार नाही. सोमवारी तुमचं शिवराक असतं, मासळी नसते, तेव्हा सकाळची पेज मला पुरे. शनिवारी मारुतीला आईसोबत शेजारची वैनी जाईल, तिच्याशी बोलून ठेवलंय. ती हात धरते म्हणून आई तू ओशाळू नकोस, धर.

आता कारण सांगते. शनिवारची पहाट सायकलची आहे आणि रविवारची पहाट पोहण्याची. बाकीच्या दिवसांचंही बसवून घेतलंय. दोन दिवस वजनं, एक दिवस आल्तिनो टेकडीच्या पायऱ्या, एक दिवस आसनं, आणि सोमवारी व्यायामाला सुट्टी. "रोज मिरामारला चालतेस ती, आणखी कशाला?" असं तू विचारलंस. बरोबर आहे, चालत होतेच, कित्येक वर्षं चालत होते. पण शरीर एका गोष्टीला सरावलं की तेवढ्यापुरतंच तयार राहतं. चालण्यानं पाय आणि छाती ठीक राहिली, पण माझे दंड, खांदे, पाठ यांना कामच नव्हतं. वाण्याकडून उकड्या तांदळाची पिशवी वर आणताना मला मधल्या मजल्यावर टेकावं लागायचं.

आणि एक गोष्ट आहे, ती ऐकून घाबरायचं नाही. माझी पाळी गेली त्यानंतर डॉक्टरांनी हाडांची घनता तपासायला सांगितली. ती वयाच्या मानानं थोडी कमी आहे. आजार नाही, औषध नाही, फक्त आत्तापासून लक्ष द्यायचं. पाळी गेल्यावर बायकांची हाडं झपाट्यानं विरळ होतात, हे सगळ्यांच्याच बाबतीत आहे. हाडावर भार पडला, स्नायूनं त्याला ओढलं, की हाड टिकून राहतं. भारच पडला नाही तर ते झिजत जातं. म्हणून वजनं. पोहण्यात पाणी अंग तोलून धरतं आणि सायकलवर आपण बसलेलेच असतो, त्यामुळे त्या दोन्हींनी हाडाला फारसं काही मिळत नाही. ते दोन्ही आहेत काळजासाठी, दमासाठी, आणि गुडघ्यांना मार न बसता घाम यावा म्हणून. तोलासाठी आसनं, मांड्यांसाठी पायऱ्या. प्रत्येकाचं काम वेगळं आहे, एकाचं दुसऱ्यानं भागत नाही. तू खतखत्यात इतक्या भाज्या घालतेस, तसंच आहे हे. नुसत्या सुरणाचं खतखतं होत नाही.

मला आजीची ती रात्र आठवते. आपण तिघं होतो आणि तिला न्हाणीतून उचलता येत नव्हतं. त्यानंतरचं सगळं तुम्हालाही माहीत आहे, मी लिहीत नाही. पण वजन जमिनीवरून उचलायला शिकते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर दुसरं काही नसतं. पाठ सरळ, गुडघे वाकवून, पायांच्या जोरावर उठायचं. तुमच्यावर तशी वेळ यायचीच नाही. पण कधी तुम्हाला हात द्यायची गरज पडली तर तो माझाच असावा, आणि त्यात ताकद असावी.

आता पोहण्याचं. आई, हे तुला सांगायला मी सगळ्यात जास्त वेळ लावला. धाकट्या मामाचं झालं तेव्हा मी किती लहान होते, तरी तुझा तो दिवसभर विहिरीच्या काठाकडे पाठ करून बसलेला चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्यानंतर तू आम्हाला तळीच्या पायरीवर पाय धुवायलाही पाठवलं नाहीस. मी कधी हट्ट केला नाही, पुढेही केला नसता. पण गोव्यात जन्म काढायचा, चहूबाजूंनी पाणी, आणि पाण्याचं भय घेऊन म्हातारं व्हायचं, हे मला नको वाटलं. मी कांपालच्या तरणतलावात शिकतेय. नदी नाही, समुद्र नाही. शिकवणाऱ्या बाई समोर उभ्या असतात, काठाला धरायला दांडी असते, पाणी सुरुवातीला छातीपर्यंतच. समुद्रात मी उतरणार नाही. पावसाळ्यात तर किनाऱ्यावर लाल बावटे लागलेले असतात, तेव्हा तिकडे पायही ठेवत नाही. पहिल्यांदा पाण्यात तोंड घालून श्वास सोडला तेव्हा मला मामाचीच आठवण झाली, आणि नंतर खूप हलकं वाटलं. तुला वाईट वाटलं असेल तर मला सांग, गप्प राहू नकोस. पण सोडायला सांगू नकोस.

सायकलचं बाबांना सांगते, कारण रस्ता तुमचाच आहे. पाटोवरून रायबंदरचा बांध धरते आणि जुन्या गोव्यापर्यंत जाते. 1633-34 मध्ये बांधलेला हा बांध, आणि तुम्ही बसवर कंडक्टर म्हणून पणजी-फोंडा करायचात तेव्हा रोज त्याच्यावरून जायचात. बाजूला खारफुटी आणि मिठागरं आहेत, चढ नाही, आणि पहाटे वाहतूक तुरळक असते. हेल्मेट घालते, मागे लाल दिवा लावते, भडक पिवळं जाकीट घालते. एकटी जात नाही, ऑफिसातल्या दोघी असतात. कधी फेरीनं दिवाडीला उतरतो, तिथं तर गाड्याच कमी. पाऊस लागला की सायकल घरात. जून ते सप्टेंबर ती कोपऱ्यात उभी राहणार आणि त्या वेळात मी बिल्डिंगचा जिना आणि वजनं वाढवणार. आल्तिनोच्या पायऱ्यांवर तेव्हा शेवाळ असतं, तिथं मी जात नाही. आपल्याकडे एकाच व्यायामावर विसंबून राहिलं तर पावसाचे चार महिने तो बंदच पडतो. म्हणूनही वेगवेगळ्या तऱ्हा हव्यात. मे महिन्यात सकाळी सातनंतर उकाड्यात बाहेर राहायचं नाही, पाण्याची बाटली बरोबर, हे तुम्हीच शिकवलंत.

बाबा, तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहूनच जाते. 1953 साली लंडनच्या डबलडेकर बसच्या नोकरदारांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तो केला. एकच बस, एकच पगारी खातं, पण दिवसभर बसून असलेल्या ड्रायव्हरांपेक्षा शेकडो पायऱ्या वरखाली करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता. व्यायाम आणि हृदय यांचा संबंध जगाला नीट दाखवून देणारा हा पहिल्या काही अभ्यासांपैकी एक. मला वाचून तुमची आठवण झाली. कदंबमध्ये तुम्ही कंडक्टर, खांद्याला पिशवी, हलत्या बसमध्ये पुढून मागे आणि मागून पुढे. 1986 च्या जुलैत मांडवीचा पूल कोसळला, तेव्हा फेरीच्या रांगेत ताटकळून भर पावसात घरी पोचायचात आणि तरी मला पाठुंगळी घेऊन माडीवर न्यायचात. तेव्हा तुम्हाला व्यायामासाठी वेळ काढावा लागला नाही, नोकरीतच होता. निवृत्तीनंतर तो गेला आणि त्याच्या जागी सोप्यावरची खुर्ची आणि पेपर आला. तुमची साखर त्यानंतरच वाढली. काकाचं जे झालं ते आपल्या घरात पुन्हा मला नको आहे.

आणि आई, तुझी फुगडी. चवथीला तू आणि मोठी काकी अशा फिरायच्यात की आम्ही मुली भिंतीला टेकून उभ्या राहायचो. मला वाटायचं, माझ्या आईचे पाय जमिनीला लागतच नाहीत. गुडघे दुखायला लागल्यापासून तू काठावर बसून टाळ्या वाजवतेस. मी फुगडी परत मागत नाही. पण गुडघा दुखतो म्हणून तो हलवायचाच नाही, हे चुकीचं आहे. गुडघ्याला आधार देतो तो मांडीचा स्नायू. तो बळकट झाला की दुखणं कमी होतं.

आता ऐका, दोघांनीही, आणि "बघू" म्हणायचं नाही.

आईनं रोज सकाळी चहानंतर लाकडी खुर्चीवर ताठ बसायचं, एक पाय सरळ पुढे करायचा, पाच आकडे मोजायचे, खाली ठेवायचा. मग दुसरा. दहा-दहा वेळा. पाठ टेकलेली असू दे. दुखलं तर कमी वेळा, पण बंद नाही.

बाबांनी त्याच खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं. धपकन बसायचं नाही, सावकाश. पहिले काही दिवस हात टेका, कुणी बघत नाही. श्वास रोखून धरायचा नाही, तुमचं ब्लडप्रेशर आहे. मग ओट्याला धरून टाचा वर-खाली करायच्या, आणि ओट्याला एक बोट लावून एका पायावर उभं राहायचं. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीच्या पुढच्यांना आठवड्यातून निदान तीन दिवस तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम करा म्हणते, चालणं वेगळं. माणूस म्हातारपणी पडतो तो बऱ्याचदा तोल आणि पायाची ताकद गेल्यामुळे, आणि हे दोन्ही ऐंशीतही सुधारतं.

दुपारच्या जेवणानंतर लगेच आडवं व्हायचं नाही. दहा-पंधरा मिनिटं कुळागराच्या वाटेनं, नाहीतर पाऊस असेल तर सोप्यावरच फेऱ्या. जेवणानंतर स्नायू हलले की रक्तातली साखर ते वापरून टाकतात. खिशात साखरेच्या गोळ्या ठेवा, साखर उतरून अंग थरथरलं, घाम आला तर लगेच तोंडात. रात्री पाय धुवून तळवे बघायचे, आई बघेल तुमचे आणि तुम्ही आईचे. आणि ती मागून सुटी असलेली स्लिपर आता वापरायची नाही. मागे पट्टा असलेल्या चपला मी आणते, दोघांच्या मापाच्या. छातीत दुखलं, चक्कर आली, श्वास पुरेना, तर सगळं थांबवून मला फोन, रात्री दोन वाजले तरी.

तुम्हाला वाटेल, ही स्वतःसाठी वेळ घेते आणि वर आम्हाला कामं लावते. तसं नाही. मी शनिवारी यायचे तेव्हा आठवडाभराची थकलेली यायचे, जेवायचे आणि झोपायचे. तुम्ही दोघं माझ्याशी हळू आवाजात बोलायचात. आता रविवारी येईन ती जागी असेन, संध्याकाळी बाबांबरोबर वाटेनं फिरेन, आईला खुर्चीवर बसवून समोर बसून दहा मोजेन. सोमवारची माझी व्यायामाची सुट्टी तुमच्याच अंगणात.

घरातलं सगळं लावून ठेवलंय. गोळ्यांचे डबे दोघांचे दोन आठवड्यांचे भरलेत, निळा बाबांचा. गॅस आहे. पोदेर सकाळी पावाचे उंडे दोनच ठेवील, बाबांनी तिसरा मागायचा नाही. मासळीवाल्या काकीला सांगितलंय, शनिवारी बारीक मासळी, बांगडे रविवारी मी असताना. माडीच्या जिन्यावरचा बल्ब बदलला आहे, तो रात्रभर चालू राहू द्या, विजेच्या बिलाचा विचार करायचा नाही, बिल माझ्याकडे आहे.

शुक्रवारी मिस्त्री न्हाणीत धरायचा दांडा बसवायला येतोय. कुठे ते मी भिंतीवर पेन्सिलीनं खूण करून ठेवलंय, आजी बसायची त्या बाजूला. बाबा, तुम्ही त्याला दुसरी जागा दाखवू नका.

तुमची,
बाय