यात्रेतल्या बोकडाचे कातडे उकिरड्यावर का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रानातल्या जनावराचे कातडे घरच्या घरी कमावण्याचे व्हिडिओ हल्ली मोबाईलवर फिरत असतात. बहुतेक परदेशातले, हरणाच्या कातड्याचे. ते बघून पाटण-जावळीच्या नाहीतर शिराळ्याच्या एखाद्या पोराने गाडीखाली आलेल्या भेकराचे कातडे काढायला घेतले, तर त्याला कोणी सांगायचे की इथे पहिली पायरी मिठाची नाही, वनखात्याला कळवण्याची आहे?

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे. त्याच्या कलम 39 प्रमाणे मेलेले सापडलेले वन्य जनावरही सरकारी मालमत्ता ठरते आणि हाती आल्यापासून 48 तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनअधिकाऱ्याकडे वर्दी द्यावी लागते. परवान्याने मारलेल्या रानडुकरालाही हाच नियम. मांस-कातडे वाटून घ्यायची मुभा परवान्यात नसते. एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने साध्या गुन्ह्याचा दंड एक लाखापर्यंत गेला आहे. अनुसूची एकमधल्या, म्हणजे सर्वांत जास्त संरक्षण असलेल्या प्राण्यासाठी तीन ते सात वर्षे कैद आणि किमान 25 हजार दंड. आपल्याकडे यात सर्वांत जास्त सापडते ती घोरपड, कारण दिमडीला, म्हणजे हातात धरून वाजवायच्या लहान चर्मवाद्याला, घोरपडीचेच कातडे लागते हा समज अजून गेलेला नाही. करडाचे पातळ कातडे चुन्यातून काढून, ताणून मढवले की दिमडी चांगली बोलते. वाद्याचे कातडे तर कमवावेही लागत नाही, कच्चेच चढवतात. रानात किंवा रस्त्यावर मेलेले जनावर दिसले, तर 1926 ला फोन करावा आणि हात लावू नये.

पण हा उद्योगच वाईट, असे कोणी समजू नये. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रांना बोकडे पडतात आणि त्यांची कातडी दुपारपर्यंत ओढ्यात किंवा उकिरड्यावर जातात. रानातले कातडे हवे कशाला? उस्मानाबादी शेळीचे कातडे दाट आणि चिवट असते, नवशिक्याला त्याहून चांगला माल मिळायचा नाही. मेंढीचे आधी घेऊ नये. ते चरबट असते, त्याचे थर सुटतात आणि लोकर सांभाळताना जीव मेटाकुटीला येतो.

कातडे बिघडते ते बहुतेक वेळा सोलतानाच. सुरी फक्त उघडायला वापरावी: गळ्यापासून पोटाच्या मधोमध शेपटीपर्यंत एक रेघ, आणि चारही पायांना आतल्या अंगाने गुडघ्यापासून त्या रेघेपर्यंत. पुढे सुरी खाली ठेवून मूठ आणि अंगठा. जनावर गरम असताना मूठ सरकवली की कातडे पडद्यावरून आपोआप सुटत येते. गार झाले की चिकटते, मग माणूस सुरीकडे वळतो आणि कातड्यावर अर्धवट चिरा पडतात. कच्चेपणी त्या दिसत नाहीत. कमावून ताणताना नेमके तिथेच फाटते.

एक इशारा इथेच. अचानक मेलेल्या, नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळसर, न गोठणारे रक्त आलेल्या जनावराला सुरी लावू नये, मग ते आपल्या गोठ्यातले का असेना. तो फाशी रोग असू शकतो. शव उघडले की त्याचे जंतू हवेत बीजाणू धरतात आणि ते मातीत वर्षानुवर्षे टिकतात. माणसाला त्याचीच काळपुळी होते. पशुवैद्यकांना बोलवावे.

आता मीठ. खरे सगळे इथे आहे. कातड्यात साठ टक्क्यांच्या वर पाणी असते आणि सांगलीच्या एप्रिलमध्ये दोन-तीन तासांत केसांच्या मुळाशी कुजायला सुरुवात होते. वास येतो तोवर उशीर झालेला असतो. पोटाकडचे केस चिमटीत धरून हलके ओढावेत. ते झुपक्याने हातात आले, तर त्या कातड्याची केसासकट गादी व्हायची नाही, चुन्यात घालून साधे चामडे करावे. बोकडाचे ओले कातडे साधारण दीड किलो भरते, त्याला वजनाच्या निम्म्याने, म्हणजे 700 ते 750 ग्रॅम मीठ लागते. आधी रक्त धुऊन, चरबी खरवडून, निथळून घ्यावे. मग मांसाची बाजू वर करून उतरत्या फळीवर पसरावे आणि मीठ कडांपर्यंत चोळावे. कडा आत दुमडल्या जातात आणि दुमडीत मीठ पोचत नाही. मानेजवळ आणि शेपटीच्या खळगीत दोन चिमटी जास्त. मीठ मध्यम जाडीचे असावे. फार बारीक लगेच विरघळून वाहून जाते, मोठ्या खड्यांचे वळ उठतात. एकदा वापरलेले मीठ पुन्हा नको, त्यात मिठातच जगणारे जंतू असतात आणि कातड्यावर लालसर डाग चढतात. दुसऱ्या दिवशी साचलेले पाणी झटकून पहिल्याच्या निम्मे, पण नवे मीठ पुन्हा लावावे, तीन दिवसांनी घडी करावी. उन्हात मात्र टाकू नये, एवढे तरी पाळावे. ओले कातडे उन्हात वरून कडक होते, आत पाणी कोंडते आणि आतला थर शिजून सरसासारखा होतो. असे कातडे पुढे भिजतच नाही.

केसासकट आसन करायचे असेल, तर तुरटी. खारवलेले कातडे सहा-आठ तास पाण्यात भिजवावे, पाणी दोनदा बदलावे, शेवटच्या पाण्यात चमचाभर धुण्याची पावडर घालावी. मग सहा इंची पीव्हीसी पाइपावर पालथे टाकून बोथट धारेने मांसाकडचा पातळ पांढरा पडदा काढावा. कंटाळवाणे काम आहे. पण पडदा राहिला तिथे तुरटी आत जात नाही आणि वाळल्यावर तो भाग पापडासारखा वाजतो. प्लास्टिकच्या टपात चार लिटर कोमट पाण्यात 450 ग्रॅम तुरटी विरघळवावी. दुसऱ्या भांड्यात दोन लिटर पाण्यात 220 ग्रॅम मीठ आणि 110 ग्रॅम धुण्याचा सोडा. हे दुसरे पाणी पहिल्यात बारीक धारेने, ढवळत ढवळत ओतावे. घाईने ओतले की पांढरा साका बसतो आणि तुरटी फुकट जाते. मीठ वगळले, तर कातडे फुगते आणि पुढे ठिसूळ होते. तीन-चार दिवस ठेवून रोज दोनदा हलवावे. जाड भागाची, मानेची, कड घट्ट दुमडून दाबावी: घडीवर पांढरीशुभ्र रेघ उमटली की तुरटी पोचली. निळसर-काचेसारखी दिसली, तर अजून एक दिवस.

तुरटीचे कातडे सुंदर पांढरे होते, पण ते पक्के चामडे नव्हे. भिजले की तुरटी निघून जाते आणि परत कच्चे. महाबळेश्वर-पाटणच्या पावसाळ्यात राहिलेले मीठ ओल ओढते आणि आसनाला बुरशी धरते.

पक्के हवे, तर बाभूळ आणि हिरडा. हे ज्ञान इथलेच आहे. ढोर समाजातल्या कारागिरांनी ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. शिवलेल्या कातड्याची पिशवी टांगून तिच्यात साल-हिरड्याचे पाणी भरायचे आणि झिरपलेले पुन्हा वर ओतायचे, ही त्यांची रीत. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले त्यात सातारा-सांगलीही आहेत. ती चप्पल याच चामड्यावर उभी आहे.

यासाठी आधी केस काढावे लागतात. दीड किलोच्या कातड्याला आठ-दहा लिटर पाणी आणि दीडशे ग्रॅम विरलेला चुना. कळीचा चुना टपात टाकू नये, पाणी उकळते आणि डोळा जातो. चुना पाण्यात फार थोडा विरघळतो, बाकी तळाला बसतो, म्हणून रोज कातडे वर काढून तळ ढवळावा. पाचव्या-सहाव्या दिवशी अंगठ्याने केस सरकू लागले की रापीच्या (चामडे कापायच्या हत्याराच्या) बोथट कडेने उतरवावेत. काही जण घाईसाठी सोडियम सल्फाइड आणतात. घरी ते नको, त्याला आम्लाचा थेंब लागला की जीवघेणा वायू सुटतो.

चुना नीट निघाला नाही, तर पुढचे सगळे मुसळ केरात: चामडे काळपट होते आणि दाणा, म्हणजे केसांकडचा वरचा थर, तडकतो. दोन-तीन पाण्यांनी धुऊन, मूठभर आंबवलेल्या गव्हाच्या कोंड्याच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवावे. निघाला का हे बघायला प्रयोगशाळा नको. मानेजवळची कड चिरून त्या ताज्या कापावर ओल्या हळदीचे बोट लावावे. हळद-चुन्याचे कुंकू होते हे प्रत्येक घरात माहीत आहे. काप मध्यभागी लाल झाला, तर चुना आत आहे. हळद पिवळीच राहिली आणि अंगठा दाबल्यावर ठसा उमटून राहिला, की पुढे जावे.

तोडलेल्या बाभळीची वाळकी साल अडीच-तीन किलो, बी काढून भरडलेला पक्का हिरडा 400 ग्रॅम. बाळहिरडा औषधाचा, तो इथे महाग पडतो. माण, खटाव, जतकडे तरवडाची सालही चालते. पहिले पाणी फिकटच घ्यावे, चहासारखे. दर दोन-तीन दिवसांनी थोडा थोडा कस वाढवावा. सुरुवातीलाच कडक पाण्यात टाकले की वरचा दाणा आवळतो, दार बंद होते आणि आत कच्चे राहते. बाभूळ लालसर रंग आणि कठीणपणा देते, हिरडा फिकट पिवळा रंग आणि आंबून येणारा आंबटपणा. दोन्ही हवेत. भांडे लोखंडी नको, पत्र्याची बादलीही नको, टपात खिळा पडू देऊ नये. लोह आणि हिरडा यांची शाईच होते. बोकडाला दहा ते पंधरा दिवस लागतात. कड चिरून बघावी: तपकिरी भाकरीत मधोमध पांढरी रेघ दिसली, तर अजून कच्चे.

शेवटी मळणे, जे व्हिडिओत दोन सेकंदांत उरकतात. तुरटीचे असो वा सालीचे, अर्धवट ओले असताना आतल्या बाजूने तेल द्यावे. तुरटीच्या आसनाला दोन अंड्यांचा बलक, 50 मिली तेल आणि थोडे कोमट पाणी घोटून, सालीच्या चामड्याला करंज किंवा एरंडेल पातळ हाताने. रात्रभर घडी. मग सावलीत वाळत असताना दर तासाला खांबाच्या गोलसर कडेवर ओढून ताणत राहायचे. वाळताना तंतू एकमेकांना चिकटतात, ते चिकटू द्यायचे नाहीत एवढाच या कष्टाचा अर्थ. कोरडे पडून कडक झाले, तर हलका पाण्याचा हात देऊन पुन्हा. तेल जास्त ओतून हे काम वाचत नाही, चामडे फक्त तेलकट कडक होते.

चुन्याचे आणि मिठाचे पाणी ओढ्यात सोडू नये, शेतातही नको. वाळवा-मिरजेच्या क्षारपड जमिनींनी आधीच पुरेसे मीठ खाल्ले आहे. खाली ताडपत्री अंथरलेला उथळ खड्डा करून ते वाळवावे. केस आणि खरवड खतात जिरतात.

ग्रामपंचायती आणि यात्रा समित्यांकडे मागणी एवढीच: शंभर बोकडांच्या यात्रेला 75 किलो मीठ, म्हणजे दीड गोणी. पाण्यापासून लांब सावलीची एक उतरती जागा आणि कातडी घेऊन जाणारा एक ठरलेला कारागीर, ज्याला आठवडाभर आधी सांगितलेले असेल. मीठ लावायची दोन माणसे पहिले बोकड पडायच्या आधी तिथे हवीत, जेवणाच्या पंगती उठल्यावर नव्हे.

आपला,
एक वाचक, ता. कराड, जि. सातारा