तक्रार: कस्टम सिंगल-शॉट रायफलचं काम ऑर्डरप्रमाणे झालेलं नाही, परत करून मिळावं

नमस्कार,

तुमच्या ऑर्डर डेस्कवरच्या ताई फोनवर म्हणाल्या की मराठीतच सविस्तर लिहून पाठवा, मी वर्कशॉपमध्ये नीट समजावून सांगते, म्हणून मराठीत लिहितोय. फोटो आणि ऑर्डर फॉर्मची कॉपी सोबत जोडलीय.

रायफल रुगर कंपनीची नंबर वन, म्हणजे एका वेळी एकच काडतूस भरता येणारी सिंगल-शॉट, १-ए मॉडेल, २२ इंची बॅरल, काडतूस ७ बाय ५७ माउजर. तुमच्याकडे दिली होती ती तीन कामांसाठी, मी निवडलेल्या तुर्की अक्रोडाच्या लाकडाचा स्टॉक (मागचा दस्ता) आणि फोर-एंड (बॅरलखालचं पुढचं लाकूड), ट्रिगरपासून दस्त्याच्या टोकापर्यंत माझ्या मापाची लांबी, आणि इजेक्टर, म्हणजे काडतुसाची रिकामी केस बाहेर उडवणारा भाग, बंद करून केस फक्त थोडी बाहेर सरकेल एवढंच. तिन्ही कामं बिघडलेली आहेत आणि पैसे मात्र तुम्ही सगळे आधीच घेतलेत.

सगळ्यात गंभीर म्हणजे फोर-एंड. नंबर वनचा फोर-एंड रिसीव्हरमधून (बॅरल जिथे बसते त्या मधल्या लोखंडी सांगाड्यातून) पुढे आलेल्या हँगरला, म्हणजे पट्टीला, स्क्रूने धरलेला असतो, आणि लाकूड बॅरलला कुठे टेकतं यावर या रायफलचा नेम किती हलतो हे नंबर वन वापरणाऱ्या कुणालाही विचारा. म्हणूनच फॉर्ममध्ये स्पष्ट लिहिलं होतं की बॅरल पूर्ण मोकळी हवी. मी टोकाकडून कागदाची पट्टी सरकवून बघितली, ती स्क्रूच्या बरीच आधी अडकते आणि एका बाजूला तर आतच जात नाही. लाकूड उजवीकडून बॅरलला दाबतंय. रेंजवर १०० यार्डांना पहिली गोळी एकीकडे, बॅरल तापली की पुढच्या वर वर चढत जातात. दमट दिवशी तर पहिलीच गोळी वेगळ्या जागी. तुमचं उत्तर आलं की हे टॉलरन्समध्ये, म्हणजे चालण्याजोग्या फरकात, बसतं. मॅगझिनवाल्या रायफलला तुम्ही ते लावा, माझ्या हातात एकच काडतूस आहे हो, थंड बॅरलची पहिली गोळीच खरी, दुसरी मिळेल असं धरून मी शिकारीला जातच नाही.

आणि सिंगल-शॉट घ्यायची तीच तर मजा आहे. मी डेन्व्हरला राहतो, वायोमिंगला प्रॉन्गहॉर्नच्या (तिथल्या हरणासारख्या प्राण्याच्या) शिकारीसाठी जातो, बाहेरच्या राज्यातल्यांना टॅग, म्हणजे शिकारीचा परवाना, मुख्यतः ड्रॉमध्ये लागला तरच मिळतो, आणि तिथल्या सपाट माळावर वाकून रांगत जवळ जायचं, एक गोळी भरायची, खात्री नसेल तर घोडा न दाबता परत फिरायचं. लिव्हर खाली ओढला की ब्लॉक खाली सरकतो, काडतूस हाताने आत ढकलायचं, लिव्हर वर. बोल्टला, म्हणजे मागेपुढे सरकणाऱ्या खिटीला, लागणारी जागा यात लागत नाही म्हणून तेवढ्याच बॅरलच्या बोल्ट-ॲक्शनपेक्षा रायफल साधारण चार इंच आखूड पडते, रांगताना ते फार कळतं. १८७२ ला स्कॉटलंडच्या जॉन फार्कुहारसनने पेटंट घेतलेली ॲक्शन आवडली म्हणून बिल रुगरने १९६७ मध्ये नंबर वन बाजारात आणली, लेन ब्राउनेलने स्टॉकची ठेवण केली, आणि ती रेघ इतकी सुंदर आहे की त्यावर चांगलं लाकूड चढवायचं माझं कित्येक वर्षांचं मनात होतं. पैसे साठवून दिलेत तुम्हाला.

आता स्टॉक बघा. मी फोटोवरून जो तुकडा निवडला त्यात मनगटाजवळ, म्हणजे हाताची पकड येते तिथे, रेषा सरळ लांबीने जात होत्या आणि नक्षी मागे बटमध्ये, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या भागात, होती. आलेल्या स्टॉकमध्ये रेषा मनगटातून आडव्या तिरक्या जातात. हा दिसण्याचा प्रश्न नाही, धक्का बसतो तिथेच लाकूड तडकतं. दिसायलाही तो तुकडा नाहीच, बटवरचा काळा पट्टा कुठेय? माझं लाकूड कुणाच्या रायफलवर गेलं ते मला लेखी कळवा. चेकरिंगच्या, म्हणजे पकडीसाठी कोरलेल्या जाळीच्या, रेघा डावीकडे बॉर्डरच्या बाहेर गेल्यात, नखाने चाचपलं तरी लागतात.

लांबी १३ इंच सांगितली होती, आलीय पावणेचौदा. माझी उंची पाच फूट पाच, थंडीचं जॅकेट घातलं की खांद्याकडचा पॅड काखेत अडकतो आणि डोळा स्कोपपासून फार मागे राहतो.

इजेक्टर तर जसाच्या तसा, केस उडून सेजब्रशच्या झुडपांत जाते. ७ बाय ५७ ची ब्रास, म्हणजे पितळी केस, मी पुन्हा भरून वापरतो, एकेक केस जपून ठेवतो, म्हणूनच ते काम सांगितलं होतं आणि त्याचे वेगळे पैसे बिलात लावलेत तुम्ही!

माझी मागणी अशी. मी निवडलेलंच लाकूड, नसेल तर माझ्या पसंतीचा त्याच दर्जाचा तुकडा घेऊन स्टॉक आणि फोर-एंड नव्याने, १३ इंच लांबी, बॅरल मोकळी, इजेक्टर बंद. नेण्या-आणण्याचा आणि इन्शुरन्सचा खर्च तुमचा. परत पाठवताना डीलरमार्फतच घ्यावी लागेल आणि त्याची फी मी द्यायची असं जे ईमेलमध्ये लिहिलंय ते मला मान्य नाही, कामासाठी दिलेली रायफल लायसन्सवाला गनस्मिथ थेट मालकाला परत पाठवू शकतो हे तुम्हाला माहीत असणारच. हे सीझनच्या आधी जमणार नसेल तर लाकूड आणि मजुरीचे सगळे पैसे परत करा, मी दुसरीकडून करून घेतो.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर हवंय, फोनवर नको. नाही आलं तर कार्ड कंपनीकडे डिस्प्यूट टाकतोय.

ताई, फोर-एंडचा फोटो वर्कशॉपमध्ये जो बसवतो त्याला स्वतः दाखवा प्लीज.

तुमचा ग्राहक