राष्ट्रपतिपदाला पात्र कोण?

महोदय,

राष्ट्रपतिपदाची चर्चा उमेदवाराची जात आणि राज्य यांतच अडकते, हे खटकते. राज्यघटनेच्या कलम ५८ नुसार नागरिकत्व, वयाची ३५ वर्षे आणि लोकसभेसाठीची पात्रता पुरते. लाभाचे पद (सरकारकडून आर्थिक लाभ देणारे पद) मात्र चालत नाही. अर्जाला ५० सूचक व ५० अनुमोदक लागतात. तेही निवडून आलेले खासदार-आमदारच, म्हणून बहुतेक अपक्षांचे अर्ज छाननीतच बाद होतात.

खरी कसोटी पुढेच. १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची केंद्रीय मंत्रिमंडळाची शिफारस तत्कालीन राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी फेरविचारासाठी परत पाठवली. मंत्रिमंडळ अडून बसले असते, तर कलम ७४ प्रमाणे सही करावीच लागली असती. पण सरकारने माघार घेतली. फेरविचाराची ही संधी एका सल्ल्यावर एकदाच मिळते. उमेदवाराने याआधी सत्तेला लेखी नकार कधी दिला, हे पक्षांनी नाव जाहीर करतानाच सांगावे.

– एक वाचक, वाई (जि. सातारा)