लेसर ठीक, पण केसांचे काय?

महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीतला पायलोनिडल सायनसवरच्या लेसर उपचाराचा लेख वाचला. माकडहाडाजवळ, नितंबांच्या फटीत होणारे हे दुखणे. सायनस म्हणजे इथे त्वचेखालची, बारीक छिद्रांनी बाहेर उघडणारी पोकळी. ज्याला होते तो घरातसुद्धा बोलून दाखवत नाही. केसतूड समजून शेक देत बसतो, मूळव्याधीचे मलम लावून पाहतो आणि पू वाहू लागला, बसवेनासे झाले की मग डॉक्टरांकडे येतो. अशा विषयाला आपण अर्धे पान दिलेत, त्याबद्दल आभार. मात्र लेखात 'कापाकापी नाही, दुखत नाही, पुन्हा होत नाही' असे एका दमात म्हटले आहे. यातले पहिले बरेचसे खरे, दुसरे त्याहून जरा कमी खरे, आणि तिसऱ्यासाठी हे पत्र.

मी शल्यचिकित्सा विभागात परिचारिका होते. जुन्या पद्धतीत सायनसचा सगळा भाग खालच्या हाडावरच्या आवरणापर्यंत कापून काढत आणि जखम तळापासून भरत यावी म्हणून उघडी ठेवत. मग रोज ड्रेसिंग. विशी-बाविशीचा मुलगा पालथा पडलेला, उशीचा कोपरा दातात धरलेला. आतली गॉज सलाइनने कितीही भिजवली तरी शेवटचा पदर सुटताना तो कळवळायचाच. जखम भरायला दोन-तीन महिने, कधी त्याहूनही जास्त. त्यात परीक्षा जायची, नवी नोकरी जायची. लेसरचे महत्त्व मला कुणी पटवून द्यायला नको.

पण त्याच ड्रेसिंगमध्ये आणखी एक गोष्ट दिसायची. छान लालसर भरत आलेल्या जखमेच्या कडेला एखादा केस चिकटलेला असायचा. चिमट्याने धरून ओढला की दिसायचे त्याहून कितीतरी लांब केस आतून निघायचा. जुना आजार कापून टाकला होता, हा नवा पाहुणा होता. काही वेळा तर तो त्या जागेवरचा नसायचाच. डोक्याचा, नुकताच न्हाव्याकडे कापलेला, टोकदार तुकडा पाठीवरून घरंगळत फटीत पोचलेला असायचा.

या आजाराचे मूळ तिथेच आहे. पूर्वी तो जन्मजात दोष मानला जाई. दुसऱ्या महायुद्धात खडबडीत रस्त्यांवर जीप हाकणाऱ्या अमेरिकी सैनिकांमध्ये त्याची जणू साथच आली. सुमारे 80 हजार जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि 'जीपचा आजार' असेच त्याचे नाव पडले. केस कापण्याचा व्यवसाय करणाऱ्यांना हाच आजार बोटांच्या बेचक्यात होतो, तिथे जन्मजात दोषाचा संबंध कसा जोडणार? ग्रीक शल्यचिकित्सक जॉर्ज कॅरिडाकिस यांनी पुढे तीन गोष्टी सांगितल्या: सुटा केस, त्याला आत ढकलणारी घासण आणि केस आत घेणारी नाजूक त्वचा. केसाला सूक्ष्म खवले असतात. कपड्यात शिरलेले कुसळ जसे हालचालीबरोबर पुढेच सरकते, मागे येत नाही, तसा केस आत आत जातो. शरीर त्याच्याभोवती पोकळी करते, तिच्यात पू होतो आणि तो वाट काढतो.

आता लेसरने नेमके काय होते ते पाहू. कारण लेखात ते दोन ओळींत उरकले आहे. मधल्या रेषेवरची बारीक छिद्रे काही मिलिमीटर कापून मोकळी करतात. म्हणजे कापणे असतेच, फक्त थोडे. त्यातून आतला मार्ग खरवडून, धुऊन स्वच्छ करतात आणि केस ओढून काढतात. मग एक बारीक तंतू आत घालतात. त्याच्या टोकातून लेसरची ऊर्जा चहूबाजूंनी बाहेर पडते, बहुधा 1470 नॅनोमीटर तरंगलांबीची. तो सावकाश मागे ओढत आणला की मार्गाच्या भिंती भाजून आक्रसतात आणि मिटत जातात. रुग्ण बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी जातो, थोड्याच दिवसांत कामाला लागतो. काही आठवडे थोडा स्राव येत राहतो. तो दिसला की पुष्कळजण घाबरतात, कारण त्याची कल्पना त्यांना कुणी दिलेली नसते.

या सगळ्यात माझ्या मते खरी कसोटी तंतू आत घालण्याच्या आधीची आहे. लेसर केस शोधत नाही. खरवडताना केसांचा पुंजका आत राहून गेला, तर वरून छिद्र मिटते आणि आतला प्रश्न तसाच राहतो. दुर्बिणीने आत पाहून केस काढण्याची पद्धतही आहे. लेखात तिचा उल्लेख हवा होता. शिवाय गळू ठसठसत असताना हा उपचार करत नाहीत. आधी पू काढायचा, सूज उतरू द्यायची, मग पुढचे. फाटे फुटलेल्या किंवा आधी शस्त्रक्रिया होऊन परतलेल्या आजारात शेजारची त्वचा सरकवून जखम झाकणारी आणि मधली रेषा टाळून बाजूला टाके घेणारी फ्लॅप शस्त्रक्रियाच अनेकदा जास्त भरवशाची ठरते. 'लेसर सगळ्यांना चालते' असे सांगणाऱ्यापासून जरा जपूनच राहावे.

आता 'पुन्हा होत नाही' याविषयी. सुमारे 90 हजार रुग्णांच्या नोंदी एकत्र करणारा एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. जखम उघडी न ठेवता मधल्या रेषेतच टाके घालण्याच्या दुसऱ्या जुन्या पद्धतीत पहिल्या वर्षी आजार परतण्याचे प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या आसपास होते, पाच वर्षांनी सुमारे 17 आणि दहा वर्षांनी 32 टक्के. म्हणजे ज्या शस्त्रक्रियेला आज वाईट म्हणतात, तीसुद्धा पहिल्या वर्षी उत्तमच दिसत होती! लेसरबाबतचे बरेचसे अहवाल वर्ष-दोन वर्षांच्या पाठपुराव्याचे आहेत. आकडे आशादायक आहेत हे मान्य, पण त्यावरून जन्मभराची हमी देता येत नाही. 'यश 95 टक्के' असे कुणी म्हटले की किती वर्षांनी मोजलेले, एवढे विचारावे.

लेख वाचून एक घोटाळा मात्र नक्की होणार. लेसर इथे दोन आहेत. सायनसच्या आत जाणारा लेसर केसांची मुळे नष्ट करत नाही. त्वचेवरून, काही आठवड्यांच्या अंतराने देतात तो केस काढण्याचा लेसर वेगळा, आणि तो शस्त्रक्रियेच्या पंक्तीला बसत नाही म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होते. वास्तविक 2023 मध्ये अमेरिकेत 11 ते 21 वर्षांच्या 302 रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. नेहमीच्या काळजीला या केस काढणाऱ्या लेसरची जोड दिली, तेव्हा वर्षभरात आजार परतण्याचे प्रमाण सुमारे 10 टक्के राहिले. जोड नव्हती त्यांच्यात ते सुमारे 34 टक्के होते. पांढऱ्या किंवा फार फिक्या केसांवर तो नीट चालत नाही, तेवढी मर्यादा आहे. आणि वस्तऱ्याने जागा साफ करत राहण्याचा जो सल्ला सर्रास दिला जातो, त्याने फायदा होण्याऐवजी आजार परतण्याचे प्रमाण वाढल्याचे दीर्घकालीन पाहणीत दिसले आहे.

तेव्हा विनंती अशी, की याच विषयावर पुढचा लेख शल्यचिकित्सकांबरोबर त्वचारोगतज्ज्ञांकडूनही लिहून घ्यावा. केस कोणत्या पद्धतीने काढायचे, जखम भरल्यावर किती दिवसांनी सुरुवात करायची, किती काळ चालू ठेवायचे, केस कापून आल्यावर लगेच पाठ धुवायची की नाही, असल्या साध्या गोष्टी त्यात याव्यात. डिस्चार्जच्या कागदावर यातले एक अक्षरही नसते. आणि जमल्यास तो लेख तरुणांच्या पुरवणीत छापा. आरोग्य पुरवणी आमच्या वयाचे लोक वाचतात आणि हा आजार बहुतांशी त्यांच्या मुला-नातवंडांना होतो.

आपली,
एक निवृत्त परिचारिका