सुट्टीत दीर्घिका ओळखू या

महोदय,

उन्हाळी सुट्टीत मुलांसाठी शिबिरे घेणाऱ्या इंदुरातील मराठी मंडळांनी यंदा ‘गॅलेक्सी झू’ या इंटरनेटवरील लोकसहभागाच्या खगोल-उपक्रमाला एक दिवस द्यावा. २००७ पासून सामान्य माणसे घरबसल्या दीर्घिकांची, म्हणजे असंख्य ताऱ्यांच्या प्रचंड समूहांची, छायाचित्रे पाहून त्यांचे आकार नोंदवत आहेत. एकच चित्र अनेकजण पाहतात, म्हणून एखाद्याची चूक निभावून जाते. हॅनी व्हॅन आर्केल या डच शिक्षिकेला त्याच वर्षी एक चमकता वायुमेघ दिसला, जो खगोलशास्त्रज्ञांनाही कोड्यात टाकणारा होता! जुन्या-नव्या छायाचित्रांतील फरक तपासून स्वयंसेवकांनी अतिनवतारेही (स्फोट होऊन एकाएकी तेजाळणारे तारे) शोधून दिले आहेत. आपल्या राजवाडा भागाच्या झगमगाटात आकाश दिसत नाही, पण वाचनालयातला संगणक पुरेसा आहे. इंग्रजी सूचना समजावायला निवृत्त शिक्षकांनी पुढे यावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, इंदूर