बीटल्सचा जोड शोधून दाखवा

संपादक महोदय,

‘गड्ड्याच्या यात्रेत (आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत) बीटल्सचं एक तरी गाणं वाजतं का?’ असा सवाल तुमच्या एका वाचकाने गेल्या रविवारी केला आणि त्यावरून साठच्या दशकातला हा चौघांचा इंग्रज बँड कधीच संपला असा निकालही देऊन टाकला. गड्ड्यावर मारवा रागही वाजत नाही, म्हणून तो संपला का?

मी नवी पेठेत सत्तावीस वर्षं टेपरेकॉर्डर दुरुस्त केले. बीटल्सचे केस, पोरींच्या किंकाळ्या, विक्रीचे आकडे यांचं मला कौतुक नाही. १९६८ साली ते ऋषिकेशला येऊन राहिले, याचा तर आपणच जरा जास्त टेंभा मिरवतो. माझं म्हणणं टेपपुरतं आहे.

एकदा एका गिऱ्हाइकाची कॅसेट पिंच रोलरला, म्हणजे टेप पुढे ओढणाऱ्या रबरी चाकाला, गुंडाळली गेली. तिच्यात त्याच्या आजीच्या ओव्या होत्या. चुरगळलेला तुकडा ब्लेडने कापला, टोकं जुळवून चिकटवली. टेप जेमतेम चार मिलिमीटर रुंद, वेग सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर. ओवीतला एक शब्द अर्धा गेलाच, वर जोडावर ‘टक’ असा आवाज. माणूस काही न बोलता पैसे देऊन गेला. मला अजून खुपतं ते.

आता हे बघा. आरडाओरड्यात स्वतःचं वाजवणं स्वतःलाच ऐकू येईना, तेव्हा या चौघांनी दौरे बंद केले. २९ ऑगस्ट १९६६ ला सॅन फ्रान्सिस्कोत शेवटचा दौऱ्यातला कार्यक्रम झाला आणि नोव्हेंबरात ते लंडनच्या स्टुडिओत ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ या गाण्याला बसले. चौघांतल्या जॉन लेननला एका टेकची (म्हणजे एका वेळच्या रेकॉर्डिंगची) सुरुवात आवडली आणि ट्रम्पेट-चेलो घातलेल्या दुसऱ्या टेकचा पुढचा भाग. दोन्हींची सुरांची पट्टी वेगळी, लय वेगळी. तो म्हणाला, जोडा! निर्माता जॉर्ज मार्टिन आणि रेकॉर्डिस्ट जेफ एमरिक यांच्या ध्यानात आलं की, दुसरा टेक वरच्या सुरात आहे आणि जलदही. टेपचा वेग उतरवला की सूरही उतरतो, म्हणजे एकाच फिरकीत दोन्ही दुखणी आटोक्यात. मग कात्री. हे सगळं चार ट्रॅकच्या, म्हणजे एका टेपवर आवाजाचे चारच वेगळे पट्टे भरणाऱ्या मशीनवर! चार भरले की ते दुसऱ्या टेपवर एकत्र उतरवायचे आणि पुन्हा जागा करायची.

थरावर थर चढवायची युक्ती बीटल्सची नव्हे, अमेरिकेत गिटारवादक लेस पॉलने ती आधीच केली होती. स्टेजवर जसंच्या तसं वाजवता येणार नाही असं गाणं बेधडक बाजारात आणायचं आणि ते घरोघर ऐकवायचं, हे मात्र यांनी केलं. शेवटच्या वर्षांतली काही गाणी मला उगाच ताणलेली वाटतात, तो भाग वेगळा.

माझा पुतण्या मोबाईलवर हलगीचे तुकडे जोडून डीजेसाठी ट्रॅक बनवतो. ‘काका, हे म्हाताऱ्यांचं संगीत,’ म्हणायचा. परवा ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ लावून त्याच्या कानाला हेडफोन लावला आणि म्हटलं, जोड शोध. दोनदा ऐकून नकारार्थी मान हलवली त्याने. तिसऱ्यांदा मिनिटभर झालं असेल-नसेल, बोट वर केलं आणि म्हणाला, ‘थांबा, परत मागं घ्या.’

– एक जुना टेप मेकॅनिक, सोलापूर