न खेळलेल्या सामन्याची गोष्टही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला खाशाबा जाधवांवरचा लेख आवडला. आम्हा कराडकरांना गोळेश्वरचं नाव छापून आलेलं पाहिलं की ऊर भरून येतो. लेखात १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकचं वर्णन आहे, म्हणून त्याच ऑलिंपिकमधल्या आणखी एका कांस्यपदक विजेत्याकडे आपलं लक्ष वेधावंसं वाटतं. खाशाबांनी कुस्तीत पदक मिळवलं त्याच आठवड्यात अमेरिकेचा ऑली मॅटसन ४०० मीटर शर्यतीत तिसरा आला. पुढे ४ बाय ४०० रिलेमध्ये त्याला रौप्यही मिळालं. पण तो मुळात धावपटू नव्हता. तो कॉलेजचा फुटबॉलपटू होता, म्हणजे अंडाकृती चेंडूच्या अमेरिकन फुटबॉलचा. त्याच्या संघाचा १९५१चा मोसम मराठी वाचकांपर्यंत पोहोचायला हवा.

सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ ही जेझुइट पाद्र्यांची छोटी संस्था. तिच्या संघाचं नाव ‘डॉन्स’, प्रशिक्षक जो कुहारिच. त्या मोसमात हा संघ नऊ सामने खेळला आणि नऊच्या नऊ जिंकला. न्यूयॉर्कला जाऊन फोर्डहॅमशी खेळले तेव्हा समोरच्यांनी किकऑफला, म्हणजे खेळ सुरू करताना, मारलेला चेंडू झेलून मॅटसन सगळं मैदान पार करत थेट टचडाऊनपर्यंत, म्हणजे पलीकडच्या गुणरेषेपार, पोहोचला, आणि त्याच सामन्यात हे त्याने दोनदा केलं. सामना ३२-२६ असा अटीतटीचा झाला. मोसमाअखेर चेंडू घेऊन धावत कापलेले १,५६६ यार्ड त्याच्या नावावर होते, त्या वर्षी देशात सर्वाधिक. संघात बर्ल टोलर होता, जिनो मार्चेट्टी होता, सहा फूट नऊ इंच उंचीचा बॉब सेंट क्लेअर होता.

तिकडे मोसम संपला की चांगल्या संघांना ‘बाऊल’ सामन्यांचं आमंत्रण येतं. त्यात मान असतो आणि तिकीटविक्रीचा घसघशीत वाटाही असतो. डॉन्सना त्या पैशाची निकड होती, कारण विद्यापीठाचा फुटबॉल तोट्यात चालला होता. मॅटसन आणि टोलर हे दोघे कृष्णवर्णीय. दक्षिणेतल्या सामन्यांबाबत संघाला सांगण्यात आलं की या दोघांना घरी ठेवून या, मग बघू. संघाने एकमुखाने नकार दिला. आमंत्रण आलं नाही, आणि मोसम संपताच विद्यापीठाने फुटबॉल संघच बंद करून टाकला.

काळ कोणता होता तेही लक्षात घ्यावं. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९५४ सालचा, म्हणजे तीन वर्षं नंतरचा. त्याच १९५१च्या ऑक्टोबरात ओक्लाहोमातल्या एका सामन्यात जॉनी ब्राइट या कृष्णवर्णीय खेळाडूच्या हातात चेंडू नसताना त्याच्या तोंडावर प्रहार करून जबडा मोडला होता. त्या छायाचित्रांना पुढे पुलित्झर हा पत्रकारितेतला मानाचा पुरस्कार मिळाला. अशा हवेत विशी-बाविशीतल्या गोऱ्या मुलांनी आपल्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सामना सोडून दिला.

मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की नकार द्यायची वेळ मॅटसन-टोलरवर एकट्याने आली नाही. आपल्याकडे काय झालं? धर्मवार संघांच्या त्या काळच्या क्रिकेटमध्ये दलित गोलंदाज पाळवणकर बाळूंच्या जोरावर हिंदू संघ सामने जिंकायचा, पण पुण्यात त्यांचा चहा बाहेर, वेगळ्या भांड्यात. १९२० साली कर्णधारपदाच्या प्रश्नावर विठ्ठल आणि शिवराम या त्यांच्या भावांनी संघातून माघार घेतली. ज्यांचा अपमान झाला त्यांनाच उठून बाहेर पडावं लागलं. विठ्ठल कर्णधार झाले ते १९२३ साली. त्या भावांचा स्वाभिमान थोर होताच, पण त्यांच्यासोबत बाकीचे नऊ जण उठले असते तर, हा प्रश्न डॉन्सविषयी वाचताना मनातून जात नाही.

या मुलांचं पुढे वाईट झालं असंही नाही. मॅटसन आणि मार्चेट्टी १९७२ साली एकाच वेळी व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेले, सेंट क्लेअर १९९०मध्ये. संघाची प्रसिद्धी सांभाळणारा तरुण पीट रोझेल पुढे एनएफएलचा, म्हणजे तिथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा, आयुक्त झाला. टोलरचा मात्र १९५२च्या ऑल-स्टार सामन्यात गुडघा गेला आणि खेळणं संपलं. तो शिक्षक झाला, मुख्याध्यापक झाला, आणि १९६५पासून एनएफएलमध्ये पंचगिरी करू लागला. त्या लीगमधला तो पहिला कृष्णवर्णीय पंच. १९८०च्या सुपर बाऊलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, तो मैदानावर होता.

विद्यापीठाने हयात खेळाडूंना मानद डॉक्टरेट दिली ती २००६ साली. पंचावन्न वर्षं लागली, आणि तोवर कित्येक जण गेले होते. २०१७मध्ये एका वसतिगृहाला टोलरचं नाव दिलं, तेव्हा तोही नव्हता. हा उशीर मला खटकतो.

खाशाबांसाठी प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं ही गोष्ट आपण मुलांना आवर्जून सांगतो, सांगायलाच हवी. तिच्या शेजारी आपल्या क्रीडा पानावर पाळवणकर बंधू आणि १९५१चे डॉन्स यांच्यावर एकत्र एक पानभर मजकूर द्यावा, अशी कळकळीची विनंती आहे. शक्यतो शाळांच्या क्रीडास्पर्धा सुरू होण्याआधी द्यावा, म्हणजे क्रीडाशिक्षकांना तो संघापुढे वाचून दाखवता येईल.

आपला,
एक नियमित वाचक, कराड